वेळूखोलचं इंटरनेट लालबागच्या खिशात

गिरगावपासून लालबागपर्यंत चालत या आणि घराघरात वीज नेणारा एक खांब मला दाखवा. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब मिळतील, सिग्नलचे मिळतील, नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक बांधायला रोवलेले बांबू तर पावलापावलाला मिळतील. विजेचा खांब मिळणार नाही, कारण इथली वीज जमिनीखालून येते. अशा या बिनखांबाच्या शहरात, परळच्या एका जुन्या इमारतीत पंख्याखाली बसून मी कोकणातले विजेचे खांब वाटायचं काम केलं. निवृत्त झाले त्या दिवशी शेजारच्या वहिनींनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "म्हणजे तुम्ही तिथे नक्की करत काय होतात?" त्यांच्या यजमानांना शेअर बाजारातलं सगळं कळतं, त्यामुळे मला राग आला नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील डिलाईल रोडच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर, आई सही करायला शिकली तीच मुळी माझ्या प्रगतिपुस्तकावर. मी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ती भिंतीवर लावलेली नाही, ती फक्त भिंतीला ओल आहे म्हणून. नम्रता मला जमत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी नम्र व्हावं, त्यांना परवडतं.

आता काम सांगते. गावात चांगलं इंटरनेट न्यायचं तर काचेच्या धाग्याची केबल न्यावी लागते. ती जमिनीखालून न्यायची म्हणजे जांभा दगड फोडत चर खणायचा, वन खात्याच्या पायऱ्या झिजवायच्या आणि ज्याच्या कुंपणाजवळून चर जाईल त्याच्या चुलतभावाचीही समजूत काढायची. त्यापेक्षा गावात विजेचे खांब आधीच उभे असतात. त्यांच्याच अंगावर, विजेच्या तारांच्या पुरेशी खाली आणि ट्रकच्या टपाच्या पुरेशी वर, ही केबल टांगायची. खांब आमच्या वीज कंपनीचा, केबल इंटरनेटवाल्यांची. ऐकायला सोपं आहे. पण खांब म्हणजे काही शर्ट अडकवायची खुंटी नव्हे. प्रत्येक जादा केबल वाऱ्यात खांबाला ओढत राहते. वाकलेला खांब आधी सरळ करावा लागतो, लाइन वळते तिथे उलट बाजूने तारेचा ताण द्यावा लागतो, बुडाशी गंजलेला असेल तर बदलावा लागतो. हे झाल्याशिवाय मी सही करत नसे. त्यामुळे इंटरनेट कंपन्यांत माझं नाव 'आडवी बाई' पडलं होतं. मला ते आवडायचं.

या कंपन्यांची पोरं फार हुशार. एकदा त्यांनी उपग्रहाच्या फोटोंवरून परस्पर आमच्या खांबांचा नकाशा केला. समुद्रकाठच्या एका वाडीत आमच्या दप्तरी होते त्याच्या कितीतरी पट खांब त्यात निघाले. मी तिथल्या लाइनमनला फोन करून पाहायला सांगितलं. तो गेला, पाहिलं आणि बराच वेळ हसत राहिला. त्यांनी माड मोजले होते. मी कंपनीला लेखी कळवलं की माडांबद्दल आमची हरकत नाही, मात्र नारळ उतरवायच्या दिवशी सेवा खंडित होईल. त्यांनी लेखी आभार मानले.

असल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण सांगायची आहे ती वेळूखोलची.

वेळूखोल हे तळकोकणातलं डोंगरात दडलेलं गाव. अलीकडच्या बाजारगावापर्यंत केबल पोचली होती, तिथून पुढे घाट उतरून वेळूखोलपर्यंत आमचे खांब होते. अर्ज आला आणि मी पाहणीला गेले. खांबाखांबाने चालत लाइन तपासायची, हीच पद्धत. गावाच्या वेशीजवळचा एक खांब स्मशानाला लागून होता. स्मशानात सरकारी योजनेतली पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये खुर्ची टाकून एक बाई बसली होती. मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. मला पाहून तिने हात वर केला.

"ताई, एक मिनिट. डावी किडनी संपवते, मग बोलू."

ही अश्विनी. लालबागला वाढलेली, आमच्यासारखीच चाळीतली. परळच्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी, एक्स-रे करणारे डॉक्टर त्यांचा अहवाल बोलून ठेवतात, तो आवाज हिच्याकडे येतो, ही तो ऐकून टाइप करते आणि परत पाठवते. आधी हे काम ती हॉस्पिटलात बसून करायची. मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांची लालबागची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. ज्या माणसाला दोघांनी धरल्याशिवाय उठता येत नाही, त्याने तिथे राहायचं कसं? ती वडिलांना घेऊन गावच्या घरी आली. इथे अंगण होतं, घराला लागून न्हाणी होती, धरायला पडवीचा खांब होता. सहा महिन्यांत म्हातारा भिंत धरून चार पावलं टाकायला लागला होता. फक्त सिग्नल नव्हता. सबंध गावात तो या शेडखाली यायचा.

"आणि कोणी गेलं की?" मी विचारलं.

"मग सुट्टी टाकते. दुःखद निधन लिहिते, खोटं काय त्यात?"

हॉस्पिटलवाल्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. घरी पक्की लाइन आली तर काम कायमचं, सारखं अडत राहिलं तर दुसरं कोणी बघू. ते काम गेलं की परत लालबाग, तोच जिना आणि तीच गॅलरी. हे सांगताना तिचा आवाज कुठेही हलला नाही. मी पाहणीच्या नोंदीत लिहिलं की स्मशानाजवळचा खांब बुडाशी गंजलेला आहे, तातडीने बदलावा. बाकी मी काय लिहिणार?

आता तुम्हाला वाटेल, खांब दुरुस्त केले, मी सही केली, ग्रामपंचायतीने ठराव दिला, संपलं. तुम्ही कोकणातले नसाल. कोकणातल्या गावाचा कारभार गावात चालत नाही. तो लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत, 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' नावाच्या फलकाखाली, महिन्याच्या ठरलेल्या रविवारी चालतो. देवळाचा रंग तिथे ठरतो, विहिरीचा गाळ तिथे ठरतो. जे गावात बाराही महिने राहतात त्यांना त्याचा निरोप येतो. वेळूखोलच्या सरपंचांनी मला स्वच्छ सांगितलं, "मॅडम, आमचा ठराव घ्या, पण आधी मुंबईकरांना विचारा. नाहीतर गणपतीत आम्हाला जगू देणार नाहीत."

म्हणून मी लालबागच्या त्या खोलीत गेले. सोबत इंटरनेट कंपनीचा रोहन होता, लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बसणारा. त्याने लॅपटॉपवर रंगीत चित्रं आणली होती. पहिल्याच चित्रात एक शेतकरी हातात टॅबलेट घेऊन हसत होता. पगडीवरून तो पंजाबातला वाटत होता.

अध्यक्षस्थानी दाजी परब. गोदीतून निवृत्त झालेले, सदऱ्याला इस्त्री, आवाजाला माइक नको. वेळूखोलचे ते मानकरी, म्हणजे गावातल्या प्रत्येक गोष्टीचा पहिला मान त्यांच्या घराचा. पालखी पहिली त्यांच्या अंगणात, नवं भात पहिलं त्यांच्या दारात.

"गो बाय, तू खयची?" त्यांनी मला विचारलं. मी शेजारच्या तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं, वडिलांची गिरणी सांगितली.

"म्हणजे आमच्यातलीच. शिकलीस, साहेबीण झालीस, आता आमका शिकवूक इलस?"

"शिकवायला नाही, विचारायला आले. शिकवायचं असतं तर फी घेतली असती."

खोलीतले दोघे-तिघे हसले, दाजी हसले नाहीत.

एक हरकत त्यांनी रास्त घेतली, तीही सांगते. शिमग्याला गावची पालखी उंच निशाणकाठ्यांसह नाचत जाते आणि एका ठिकाणी विजेच्या तारा वाटेत येतात. तेवढ्यापुरती आमचा लाइनमन वीज बंद करून तार खाली घेतो. कागदावर हे कुठेच नाही, पण वर्षानुवर्षं होतं. तार सोडून परत बांधता येते, काचेचा धागा तसा तोडून जोडता येत नाही. मग पालखी जाणार कशी? रोहनने हे कुठल्याच चित्रात काढलेलं नव्हतं. मी सांगितलं, त्या खांबावर केबलचं जादा वेटोळं ठेवू. शिमग्याला वेटोळं सोडायचं, केबल जमिनीवर येईल, पालखी वरून जाईल, परत वर घ्यायची. दाजींनी मान हलवली. मला वाटलं जिंकलो.

मग त्यांनी विचारलं, "पेटी खय बसतली?"

ही पेटी म्हणजे काय ते सांगायला हवं. खांबावरच्या केबलमधून येतो तो नुसता उजेड. त्याचं इंटरनेट करून घरोघर पाठवणारं एक यंत्र गावात कुठेतरी छपराखाली बसवावं लागतं, आणि ते विजेवर चालतं. वीज गेली की यंत्र आंधळं आणि सगळं गाव बंद. कंपनीने ग्रामपंचायतीचं कार्यालय धरलं होतं.

"ग्रामपंचायत खालच्या वाडीत," दाजी म्हणाले. "पयलो मान आमच्या घराचो. गावात वीज इली तेव्हा पयलो दिवो आमच्याच खळ्यात लागलो. पेटी आमच्या घराक बसतली."

"दाजी, तुमचं घर बंद असतं. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूप," मी म्हटलं.

"घर बंद आसा म्हणून काय झाला? मान काय बंद जाता? मीटर चालू आसा, बिल मी भरतंय."

"यंत्र बिघडलं तर माणूस आत शिरणार कसा?"

"माका फोन करा. मी जातंय."

लालबागहून. रात्रभराचा प्रवास करून. मी खोलीभर नजर फिरवली. इथे बँकेत अधिकारी झालेले होते, महापालिकेत इंजिनीअर असलेला एक होता, एक जण तर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होता. सगळे खाली मान घालून चहा पीत होते. मी बैठकीत माझा विरोध नोंदवला. माझे मोठे साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, आपली जबाबदारी खांबापर्यंत. पेटी कुठे बसवतात याच्याशी आपल्याला काय?" आणि रोहन म्हणाला की स्थानिक समाजाने स्वतःहून जागा देणं ही फारच सकारात्मक गोष्ट आहे. त्याने त्याचं एक चित्रही केलं.

पेटी बसली मानाच्या घरात. उद्घाटन गणपतीत. फीत कापायला एक पुढारी आले, त्यांनी भाषणात गाव जगाला जोडलं आणि जेवून गेले. पडवीत कंपनीचा फलक, फलकाखाली दाजी, दाजींच्या डोक्यावर हिरवा दिवा लुकलुकणारी पेटी. मुंबईहून आलेल्या सगळ्यांनी त्या दिवसांत इंटरनेटचा मनमुराद उपभोग घेतला. आरत्या थेट प्रक्षेपित झाल्या. बघणारे कोण, तर शेजारच्या घरात बसलेले चुलते. अश्विनी मात्र घरच्या पडवीत बसून, वडील डोळ्यांसमोर ठेवून, काम करायला लागली. तिने मला फोटो पाठवला होता. तिचा नव्हे, वडिलांचा. ते न्हाणीच्या दारात एकटे उभे होते.

गणपती गेले, गौरी गेल्या, मुंबईकर परतले आणि त्याच दिवशी वेळूखोलचं इंटरनेट बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी अश्विनीचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होते. "ताई, दाजींच्या घरात काळोख आहे. पेटीचा दिवा बंद. बाकी गावात वीज आहे."

"तुझं काम?"

"शेडमध्ये आलेय. पण आता फाइली मोठ्या पाठवतात, लाइन आली म्हणून. इथे उतरतच नाहीयेत. हॉस्पिटलच्या मॅडम म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत बघू, नाहीतर इथली मुलगी बसवतो."

मी रोहनला फोन केला. तो म्हणाला, त्यांच्या पडद्यावर दिसतंय, जागेवर वीज नाही, म्हणजे ही ग्राहकाकडची अडचण आणि म्हणून तक्रार सोडवली असं नोंदवून बंद झालेली आहे. सोडवली म्हणजे कशी, हे मी तीन वेळा विचारलं. मोठ्या साहेबांनी खांबाची गोष्ट परत सांगितली. सरपंच म्हणाले, मानाच्या घराचं कुलूप मी फोडू का? मग मी उठले आणि लालबागला चालत गेले.

दाजींच्या खोलीत टीव्ही चालू होता. त्यांची बायको, सगळे त्यांना काकी म्हणतात, आतल्या कट्ट्याशी कोथिंबीर निवडत होती. मी काय झालं ते सांगितलं. दाजींनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चिनीमातीचा एक पांढरा फ्यूज काढून टीपॉयवर ठेवला.

वर्षानुवर्षांची सवय. गावचं घर बंद करताना मेन स्विचमधला फ्यूज उपसायचा, खिशात टाकायचा, कुलूप लावायचं, गाडी धरायची. घर पेटू नये, कोणी फुकटची वीज वापरू नये. या वेळीही हात आपोआप गेला. एवढंच झालं होतं. "अरे, विसरलोच," इतकं म्हटलं असतं तर मी तिथेच हसून चहा प्याले असते. माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाच्या चेहऱ्यावर ते दोन शब्द आले आणि तसेच आत परतले.

"रीत आसा ती," दाजी म्हणाले. "मानाचा घर बंद केला की आत वीज ठेवूची नाय."

"दाजी, ही रीत कधीपासून?"

"माझ्या बापाशीपासून."

"तुमच्या वडिलांच्या वेळी गावात वीज होती?"

ते टीव्हीकडे बघायला लागले. मी अश्विनीचं सांगितलं. तिचे वडील, जिना, उद्या दुपार. किल्ली आणि हा फ्यूज द्या, एसटीच्या माणसाबरोबर पाठवते, सरपंचांच्या समोर घर उघडू. ते म्हणाले, खालच्या वाडीची माणसं त्यांच्या घरात शिरणार नाहीत, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय घर उघडायचं नाही आणि विषय रविवारच्या बैठकीत घेऊ.

"रविवारपर्यंत तिचं काम जाईल."

"तिका सांग, मुंबैक ये. हय काय इंटरनेट नाय?"

मी त्या माणसाला जे बोलायचं ते बोलले, इथे छापण्यासारखं नाही. दारात चपला घालत होते तेव्हा काकी मागून आल्या, हाताला कोथिंबिरीचा वास. हळूच म्हणाल्या, "त्या अश्विनीचो बापूस आता चलता म्हणतंत, खरा?"

"चार पावलं. भिंत धरून."

"तिचो नंबर आसा?"

मी दिला. जिना उतरताना मला काही आशा वगैरे वाटली नाही. मला वाटलं, बाई चौकशीला फोन करतील, हळहळतील, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते, अश्विनीचा फोन.

"ताई, चालू झालं. आठ वाजल्यापासून बसलेय. सगळं पाठवून पण झालं."

"कसं?"

"काल शेडमध्ये होते तेव्हाच काकींचा फोन आला. मागीलदाराची एक चावी न्हाणीच्या वाशाला अडकवलेली असते. आणि फ्यूज पिठाच्या डब्यात." ती हसायला लागली. मग तिने काकींचं बोलणं त्यांच्याच आवाजात करून दाखवलं: "एका चवतीक ह्ये फ्यूज लालबागाकच इसारले, काळोखात आरती केली. तेव्हापासून मी दुसरो हाडून ठेवलेलो आसा. घाल तो आणि रोजची चूल पेटवल्यासारखा काम कर. ह्यांका सांगू नको, उगीच रक्तदाब वाढतलो."

मी विचारलं, घरात शिरताना कोणी अडवलं का. म्हणाली, शेजारच्या आजीने बघितलं, मी सांगितलं काकींनी लोणच्याची बरणी बघायला सांगितलीय, तर आजी म्हणाली, बघ बघ, बुरशी धरली असेल.

वीज कंपनीची अधिकारी म्हणून मी तिला एवढंच विचारलं की फ्यूज बसवताना मेन स्विच खाली केला होतास ना. केला होता. बाकी मला काही माहीत नाही, असं मी तिला सांगितलं, आणि आज पहिल्यांदाच छापून सांगते आहे. दाजी दिवाळी अंक वाचत नाहीत. त्यांच्या मते पेपरात सगळं येतं.

रविवारी बैठकीला मला तांत्रिक सल्लागार म्हणून बोलावलं होतं. गेले. अशी करमणूक सोडायला मी काही एवढी विरक्त नाही.

टेबलावर मधोमध तो फ्यूज, खाली रुमाल अंथरलेला. विषय क्रमांक एक, गावातील इंटरनेट पुन्हा सुरू करणे. एक जण म्हणाला लगेच जाऊन सुरू करा. दुसरा म्हणाला, पितृपक्ष लागलाय, आता कसं? तिसऱ्याने विचारलं, इंटरनेटला पितृपक्ष असतो का? त्यावर बराच वाद झाला. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी मत दिलं की श्रद्धेच्या बाबतीत विज्ञानाने बोलू नये. महापालिकेतल्या इंजिनीअरने सुचवलं की तोवर फ्यूज मंडळाच्या कपाटात ठेवावा आणि कपाटाची एक चावी चिटणीसांकडे, एक खजिनदारांकडे असावी, म्हणजे गैरवापर होणार नाही. सगळ्यांना हे फार पटलं. खालच्या वाडीच्या एका सभासदाने जोर लावून विचारलं की एवढे दिवस गाव इंटरनेटविना राहिलं, त्याची जबाबदारी कोणाची? दाजींनी टेबलावर हात आपटला. गाव इतकी वर्षं इंटरनेटविना राहिलं, कोण मेलं?

हे चालू असताना माझ्या पर्समध्ये फोन दोनदा वाजला. अश्विनी वडिलांचे व्यायामाचे व्हिडिओ पाठवत होती, वेळूखोलहून. तिकडे आठवडाभर सबंध खालची वाडी इंटरनेट वापरत होती आणि इकडे एकाच्याही कानावर ते गेलं नव्हतं. गावात कोण काय करतं याची बारीकसारीक खबर लालबागला पोचते, असा या लोकांचा दावा असतो. गावातल्या लोकांनी न सांगायचं ठरवलं की काहीच पोचत नाही. एवढं साधं या बँकवाल्यांना आणि प्राध्यापकांना कळलं नव्हतं.

"मॅडम," चिटणीसांनी मला विचारलं, "दसऱ्यापर्यंत बंद ठेवलं तर यंत्राला काही धोका?"

"काही नाही," मी म्हटलं. "दसऱ्यापर्यंत यंत्राला काहीही होणार नाही, याची खात्री देते."

ठराव एकमताने. दसऱ्याला दाजींनी सपत्नीक गावी जावं, गाऱ्हाणं घालून फ्यूज बसवावा आणि इंटरनेट सुरू करावं. काकी चहा घेऊन आल्या होत्या. दाजी फ्यूज रुमालात गुंडाळून कपाटात ठेवत होते, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नीट ठेवा हां. फुटलो तर गावाचा काय जातला?"

वाईट कशाचं वाटतं म्हणाल, तर अशा कितीतरी गावांचे अर्ज माझ्या टेबलावर आले, जिथे पिठाच्या डब्यात दुसरा फ्यूज ठेवणारी काकी नव्हती. खांब उभे राहिले, केबल टांगली, माझी सही झाली, आणि पेटी कुठल्या तरी मानापायी बंद पडून राहिली. आमच्या कचेरीच्या हिशेबात ती सगळी गावं जोडलेली आहेत. साहेबांच्या भाषणातही असतात. मला ते भाषण ऐकायला लागायचं तेव्हा मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसून जांभई द्यायचे.

दसऱ्याला मंडळाने मलाही पाहुणी म्हणून वेळूखोलला नेलं. काकी आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या, घर झाडायचं म्हणून. धूळ बसू नये म्हणून पेटीवर त्यांनी जाड चादर टाकून ठेवली होती, दिवा दिसायचा प्रश्न नव्हता. मी पोचले तर दाजींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाव जमलेलं. वरची वाडी, खालची वाडी, शेजारची आजी. सगळ्यांचे चेहरे असे भक्तिभावाने गंभीर की मीच खाली बघायला लागले. दाजींनी हातात नारळ धरून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा महाराजा," आणि सगळे म्हणाले, "होय महाराजा." काकी हळूच उठून मागीलदाराने आत, मेन स्विचकडे गेल्या. काय करायला गेल्या ते मला कळलं, खालच्या वाडीलाही कळलं.

अश्विनी माझ्या शेजारी उभी होती. काकी आत गेलेल्या बघून ती घाईने जरा बाजूला झाली आणि लाइन जायच्या आत इंटरनेटवरूनच हॉस्पिटलला फोन लावला. बोलणं मला ऐकू आलं.

"मॅडम, थोडा वेळ लाइन बंद राहील हां. नाही नाही, बिघाड नाही. आमच्या गावात आज इंटरनेट सुरू होतंय."